स्काप्तीचं पातं

१

हॉग्नीचं प्रेत बेटावरून नावेने आणलं, तेव्हा त्याच्या छातीवर त्याची तलवार ठेवलेली होती. दोन तुकड्यांत.

स्टाइनवोर किनाऱ्यावरच्या गोट्यांत उभी होती. पोराचा चेहरा बघायचा धीर होईना, म्हणून तिने आधी तलवारीकडे बघितलं. मूठ आणि वीतभर पातं एकीकडे, उरलेलं पातं दुसरीकडे.

धाकटा थ्रांड नाव टेकायच्या आधीच पाण्यात उतरला आणि तिथूनच ओरडला, "आई, पहिल्याच घावाला गं! ढालीवर आपटली आणि वाळकी काटकी मोडावी तशी मोडली. हावार्डने नाही मारलं त्याला. त्या लोहाराने मारलं!"

बस्स, एवढंच हवं होतं. बघता बघता माणसं भट्टीकडे धावली. स्काप्ती लोहाराला त्याच्या चामडी आडवस्त्रासकट फरफटत आणलं आणि नावा ठेवायच्या कोठारात दोरीने बांधून घातलं. त्याच्याविरुद्ध बोलायला कुणाला विचार करावा लागला नाही. पोरवयात स्काप्ती हावार्डच्या घरी वाढला होता, हावार्डच्या ताटात जेवला होता. वसंतात खाडीच्या तोंडाशी देवमासा वाहून आला, हद्दीच्या दगडावर अर्धा इकडे अर्धा तिकडे पडला, आणि त्यावरून हॉग्नी आणि हावार्डची जुंपली. शब्दाने शब्द वाढत वाद बेटावरच्या द्वंद्वापर्यंत गेला. लोहाराने आपल्या जुन्या घरची बाजू घेतली, लोकांच्या मते यात शोधायचं काही नव्हतंच.

द्वंद्वासाठी सगळी खाडी जमलेलीच होती. कायदा तोंडपाठ असलेला म्हातारा लोडिन म्हणाला, "सकाळी सभा बसेल. शस्त्रात दगा करणाऱ्याला एकच शिक्षा आहे." त्याने ती सांगितली नाही. सगळ्यांना ठाऊक होती.

स्टाइनवोरच्या मनात मात्र एक गोष्ट कुसळासारखी रुतली होती. तलवार द्यायला स्काप्ती आला होता, त्या दिवशी त्याने भर अंगणात पातं गुडघ्यावर घेऊन धनुष्यासारखं वाकवलं होतं. सोडल्याबरोबर ते गुणगुणत सरळ झालं होतं. तिने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं, आणि खुश होऊन स्वतःच्या हाताने त्याला बिअरचं शिंग भरून दिलं होतं.

असं पातं काटकीसारखं मोडतं?

२

प्रेताला अंघोळ घालायला ती आणि सून उल्फ्रून, दोघीच होत्या. उल्फ्रून पाणी ओतत होती आणि मधेच हात थांबवून भिंतीकडे बघत बसत होती.

थ्रांड दारात आला. "आई, ते तुकडे दे. दादाच्या अंगाशी ठेवून पुरून टाकू. आजच."

"आज? सभा व्हायची आहे ना?"

"सभेला काय बघायचंय त्यात? मोडकं शस्त्र घरात ठेवू नये. अपशकुन असतो."

"असू दे. आता आणखी काय वाईट व्हायचं राहिलंय?"

तो गेला. स्टाइनवोरने मुठीकडचा तुकडा उचलून दाराच्या उजेडात धरला. मोडलेल्या जागी पात्याची एक कड माशाच्या खवल्यासारखी लखलखत होती. पण उरलेला भाग काळपट तपकिरी, जुन्या बिजागरीसारखा. आज सकाळी मोडलेल्या लोखंडाला एका दिवसात गंज कसा चढला?

"उल्फ्रून, इकडे बघ. शेवटच्या दिवसांत हॉग्नी कसा वागत होता?"

"कसा म्हणजे? भ्यालेला होता, सासूबाई." उल्फ्रूनने ओठ चावला. "तुम्हाला नसेल दाखवलं त्यानं. रात्ररात्र नुसता छताकडे बघायचा. हावार्ड आजवर एकदाही हरला नाही म्हणायचा. माझ्या हातात जोर आहे, पण नशीब नाही. आमच्या घरचं नशीब बाबांबरोबर गेलं."

"आणि ही तलवार? केवढी मिरवायचा ती."

"सुरुवातीला. आला-गेला, कुत्रंमांजर, सगळ्यांना उपसून दाखवायचा. मग एकदम बंद. मी म्हटलं, पुसून ठेवू का, तर अंगावर आला. म्यानातून काढूच देईना." ती थांबली. "त्याचा हिरवा झगाही हरवला तेव्हाच. मी विणलेला. कुठे विसरलास म्हटलं तर धड उत्तर नाही."

स्टाइनवोरने दोन्ही तुकडे कमरेच्या पट्ट्यात खोवले, वर शाल ओढली. मग ती नाव काढून खाडीपलीकडे निघाली. तिच्या पोराला ज्याने मारलं, त्याच्याकडे.

३

हावार्ड तंबूबाहेर एकटाच बसला होता. तिला बघून तो ताडकन उठला. हात कुठे ठेवावेत हे त्याला कळेना.

"काकू, तुम्ही इथे नका येऊ. लोक काय म्हणतील?"

"लोकांचं मेलं काय बिघडतंय! मला खरं सांग. स्काप्तीने हे तुझ्यासाठी केलं?"

"माझ्यासाठी?" तो कडवट हसला. "वसंतात मी त्याच्या दारात गेलो होतो, मलाही एक घडवून दे म्हणून. हाकलून दिलं त्यानं मला. म्हणाला, 'दोघांच्या हातात माझंच पातं दिलं तर दोघांतला एक माझ्याच हाताने मरेल. तू तुझं जुनं वापर.' असा माणूस तो. आणि काकू, मोडक्या तलवारीसमोर जिंकलेलं द्वंद्व कुणी सांगत फिरत नाही. माझं नाक कापलं गेलंय यात."

"मोडल्यावर तरी हात आवरायचा होतास."

त्याने मान खाली घातली. "घाव निघाला होता. मागे घेता आला असता तर..."

मग हावार्ड म्हणाला, "एक सांगू का? ढालीवर आपटून ती मोडली ना, तेव्हा त्यानं माझ्याकडे बघितलंच नाही. हातातल्या तुकड्याकडे बघितलं आणि म्हणाला, 'बाबा.' शिवी नाही, किंकाळी नाही. चूक झाली की पोर म्हणतं ना, तसं."

मरताना माणूस बापाला हाक मारतो, त्यात नवल नाही. पण तलवारीकडे बघून?

४

कोठारात डांबर आणि ओल्या लाकडाचा वास भरला होता. स्काप्तीची बायको बाहेर भाकरी मांडीवर घेऊन बसली होती. तिला आत सोडत नव्हते. राखणदाराने स्टाइनवोरला सोडलं. मेलेल्याच्या आईला कोण अडवणार?

स्काप्तीचा एक डोळा सुजून मिटला होता. "मालकीण, तुम्हीसुद्धा थुंकायला आलात? थुंका."

तिने तुकडे काढून त्याच्यापुढे धरले. "हे बघ आणि सांग."

"अहो, केव्हापासून बोंबलतोय, एकदा दाखवा म्हणून! थ्रांड म्हणाला, चोराच्या हातात किल्ली कशाला द्यायची." बांधलेल्या हातांनी त्याने तुकडा घेतला आणि क्षणात त्याचा चेहरा पालटला. "मूठ माझी आहे. वालरसच्या दाताची, मीच कोरली. पण हे पातं माझं नाही."

"आरोपी दुसरं काय म्हणणार? लोडिन हेच म्हणेल."

"म्हणू दे. हे बघा, माझ्या पात्यात दोन पीळ असतात, एक डावीकडे, एक उजवीकडे, नदीत दोन प्रवाह मिसळावेत तसे. यात एकच पीळ आहे. जुन्या लोहाराच्या हातचं काम आहे हे. आणि ही मोड बघा. हा काळा भाग म्हणजे जुनी चीर. कधीतरी हे पातं पार दुमडलं होतं. दुमडलेल्या पोटात पाणी शिरून गंज चढला. मग कुणी गाढवाने ताव न देता, थंडच्या थंड, सरळ केलं. चीर आत तशीच राहिली. भट्टीत लाल करून हळूहळू उघडलं असतं तर कदाचित वाचलं असतं. कदाचित." त्याने मूठ उलटी केली. "आणि हे काय? मुठीच्या बोंडाच्या टोकाला ही चौकोनी चकती कुणी घातली? मी पात्याचा दांडा मुठीतून पार काढून त्याचं टोक ठोकून बसवतो. चकती घालत नाही मी."

पण ती चकतीपर्यंत पोचलीच नव्हती. ती 'दुमडलं' या शब्दापाशीच अडकली होती.

"स्काप्ती, तलवार दुमडतं कोण?"

त्याने चमकून वर बघितलं. दोघांनाही उत्तर माहीत होतं. जिवंत माणसाची तलवार कुणी दुमडत नाही. माणूस गेला की त्याच्याबरोबर त्याची तलवारही मारतात, वाकवून, आणि मग त्याच्या अंगाशी ठेवून वर माती लोटतात.

तिच्या नवऱ्याची, वेमुंडची तलवार जुन्या लोहाराने तिच्यासमोरच दुमडली होती.

५

सकाळी धुकं इतकं दाट होतं की टेकाडावर चढताना पुढे चालणारी उल्फ्रून दिसेनाशी होत होती. सभेला लोक जमायच्या आत काम उरकायचं होतं. दोघींच्या हातात लाकडी फावडी होती.

वेमुंडच्या थडग्याचा उंचवटा हिरवागार होता. फक्त समुद्राकडच्या अंगाला हिरवळीचा एक तुकडा पिवळा पडला होता. कापून पुन्हा बसवलेलं गवत मुळं धरायच्या आधी असं पिवळं पडतं. मेंढ्यांनी केलं असेल म्हणून आजवर त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नव्हतं.

"सासूबाई, थडगं फोडणाऱ्याला काय म्हणतात, माहितीय ना?"

"ठाऊक आहे. खण."

माती सैल होती. फळी हाताला लागली, आणि फळीखाली, वेमुंडच्या हाडांशेजारी, काहीतरी कापडात गुंडाळलेलं. उल्फ्रूनने ते ओढलं आणि तिच्या तोंडून हुंदका फुटला.

"माझा झगा! माझ्या हातचा हा!"

हिरव्या झग्याच्या आत एक पातं होतं. मूठ नसलेलं, नवंकोरं, तेल लावलेलं. त्यावर दोन पीळ होते, एक डावीकडे, एक उजवीकडे. स्टाइनवोरने ते गुडघ्यावर घेऊन सगळा जोर लावून वाकवलं. सोडल्यावर ते गुणगुणत सरळ झालं.

आता सगळंच उघड झालं होतं. हॉग्नीला लोखंड नको होतं, बापाचं नशीब हवं होतं. त्याने बापाची तलवार काढून घेतली, आणि बाप मोकळ्या हातांनी राहू नये म्हणून आपलं नवं पातं त्याच्या शेजारी झोपवलं, थंडी वाजू नये तसं झग्यात गुंडाळून. मूठ मात्र नवीच ठेवली, कारण वेमुंडची मूठ तिने, त्याच्या आईने, अंधारातही ओळखली असती.

"परत ठेवा ते," उल्फ्रून हलक्या आवाजात म्हणाली. "सासूबाई, मी पाया पडते. परत ठेवू, माती लोटू, घरी जाऊ. हे बाहेर आलं तर त्याला माणसासारखं पुरूही देणार नाहीत. भरतीच्या रेघेवर टाकतील कुत्र्यासारखा. मेलेल्या नवऱ्याचं नाव, एवढंच उरलंय माझ्याजवळ."

"आणि स्काप्ती?"

"मरू दे!" ती किंचाळली आणि मग आपल्याच तोंडावर हात दाबून धरला.

स्टाइनवोर मातीत बसली. तिलाही क्षणभर तेच वाटलं होतं. सुनेने नुसतं बोलून दाखवलं. धुक्यात खाली कुठेतरी माणसांचे आवाज येऊ लागले होते. सभा जमत होती. माती लोटायला काही फार वेळ लागला नसता.

तिने कमरेतून मुठीचा तुकडा काढला. बोंडाच्या टोकाची चौकोनी चकती बोटाखाली खरखरली, आणि काल लोहार काय म्हणाला ते तिला आता ऐकू आलं. हॉग्नीला हातोडा धरता येत नव्हता. खिळा ठोकताना तो नेमका अंगठा ठोकायचा. मग पातं कुणी सरळ केलं? मूठ कुणी बसवली?

अशा चकत्या तिने रोज बघितल्या होत्या. नावेच्या फळीवर फळी चढवून खिळा ठोकतात, तेव्हा आतल्या बाजूला खिळ्याच्या टोकावर हीच चकती घालतात. एकेका नावेत रांगाच्या रांगा.

आणि खाडीत नावा बांधणारा एकच माणूस होता.

६

थ्रांड आपल्या नव्या नावेपाशी होता. सभेला न जाता फळ्यांच्या फटीत लोकर आणि डांबर भरत बसला होता. तिला येताना बघून म्हणाला, "आई, तू इथे? लोडिन वाट बघत असेल."

तिने मूठ नेऊन नावेच्या आतल्या अंगाला, चकत्यांच्या रांगेशेजारी धरली. त्याने बघितलं. डांबराची काडी त्याच्या हातातून गळून पडली.

"त्यानंच सांगितलं होतं करायला," तो एका दमात म्हणाला. "मी नको म्हटलं होतं. खरंच नको म्हटलं. रडायला लागला गं. हॉग्नी! माझ्यासमोर! बाबांची तलवार हातात असली की मी हरणार नाही म्हणाला. काय करू मी? स्काप्तीकडे नेता येईना, तो तर विचारणारच कुठून आणलीस. मग मी दोन ओंडक्यांमध्ये धरून सरळ केली."

"थंडच."

"माझ्याकडे भट्टी कुठंय?"

"आवाज आला असेल."

तो डांबराची काडी उचलायला वाकला.

"थ्रांड, मी तुला विचारतेय. आवाज आला?"

"आला. अक्रोड फुटल्यासारखा. बारीकसा. दादा बाहेर होता, त्यानं नाही ऐकला." त्याने तोंड दोन्ही हातांनी चोळलं. "सांगणार होतो. रोज वाटायचं, आज सांगू. पण मग त्यानं काय केलं असतं? हात जोडून हावार्डपुढे गेला असता? आणि वाटलं, नसेलही काही. टिकेल एखादा घाव. मी काही केलं नाही, आई. नुसता गप्प बसलो."

"मोडल्यावर मात्र गप्प बसला नाहीस. पाय जमिनीला लागायच्या आधी लोहाराचं नाव घेतलंस. पातं त्याचं नाही हे ठाऊक असलेला त्या किनाऱ्यावर तू एकटाच होतास."

तो नावेच्या फळीवर तळहात ठेवत म्हणाला, "लहानपणापासून सगळं त्याचं होतं. घर त्याचं, घोडा त्याचा, बाबांच्या शेजारची जागा त्याची. मी त्याच्या मरणावर टपलो नव्हतो, शपथ घेऊन सांगतो. पण तो आवाज ऐकला, तेव्हा पहिल्यांदा मनात काय आलं, ते मला माहितीय. तेवढं विचारू नकोस."

तिने विचारलं नाही.

"आता तू मला धरून देणार? आई, तुला दुसरं कुणी नाही राहिलेलं. म्हातारपणी सरपण कोण फोडेल? एक लोहार गं, तोही त्यांच्या घरात वाढलेला. दुसरा मिळेल."

"त्याची बायको कालपासून भाकरी मांडीवर घेऊन बसलीय," स्टाइनवोर म्हणाली. "मी तिच्या समोरून दोनदा गेले. तिसऱ्यांदा कशी जाऊ?"

७

सभेत ती फार बोलली नाही. दोन पाती लोडिनच्या पायाशी ठेवली, एक मोडकं आणि एक अखंड, आणि शेजारी हिरवा झगा. पीळ दाखवले, जुनी चीर दाखवली, चकती दाखवली. उल्फ्रून लांब उभी होती, तिने सासूकडे पाठ फिरवली होती. हॉग्नीने काय केलं ते सांगताना स्टाइनवोरचा आवाज चिरकला. थ्रांडचं सांगताना नाही चिरकला. तोपर्यंत रडणं संपलं होतं.

लोडिनने थ्रांडला विचारलं, "हे खरं?" थ्रांडने खोटं बोलायचं ठरवलं होतं की नाही कोण जाणे. त्याने आईकडे बघितलं आणि म्हणाला, "खरं."

स्काप्तीच्या दोऱ्या तिथेच कापल्या. हॉग्नीला बापाच्या टेकाडावर जागा मिळणार नाही असं ठरलं. निष्पापाचं मरण मागणाऱ्या थ्रांडला हद्दपारी. भरती उतरेपर्यंत त्याला मोकळीक. त्यानंतर तो खाडीत दिसला तर कुणीही मारावं. आणि आतापासून त्याला कुणी अन्न देऊ नये, कुणी मदतीला हात लावू नये, कुणी त्याच्याशी बोलू नये.

लोक किनाऱ्यावर उभे राहून बघत होते. थ्रांडने नावेखाली ओंडके लावले, नावेला पाठ टेकली आणि जोर केला. नाव एका माणसाने ढकलण्याजोगी नव्हती. ती जराशी डोलली आणि पुन्हा बसली. त्याने पुन्हा जोर केला. गोट्यांवर त्याचे पाय घसरत होते. पाणी हळूहळू मागे सरकत चाललं होतं. हावार्डने एक पाऊल पुढे टाकलं, पण लोडिनने काठी आडवी धरली.

स्टाइनवोर गर्दीतून बाहेर आली.

"बाई," लोडिन म्हणाला, "कायदा तुम्हालाही आहे."

"मग लाव," ती म्हणाली.

तिने शाल काढून दगडावर टाकली, नावेच्या दुसऱ्या अंगाला गेली आणि खांदा लावला. थ्रांडने तिच्याकडे बघितलं नाही. तीही बघत नव्हती. तिच्या गालाला डांबर लागलं होतं आणि डोळ्यांसमोर फळीवरच्या खिळ्यांची रांग होती, एकसारखी, नीटनेटकी, त्याच्या हातची.

"हं," ती म्हणाली. "आता."

नाव हलली.

ती कमरेएवढ्या पाण्यात जाईपर्यंत ढकलत राहिली.